आईच्या खात्यातली तूट

थोरल्याने तिसऱ्यांदा सही केली तेव्हा कुठे ती जुळली. आधीच्या दोन बँकेतल्या नमुन्याशी जुळल्या नव्हत्या, पण तो चिडला नाही. राग गेल्या आठ महिन्यांत वापरून संपला होता. समोरच्या शाखाधिकारी बाई कागद उलटसुलट करून बघत म्हणाल्या, की झाल्या प्रकाराबद्दल बँकेला खेद आहे. मग त्यांनी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. एरवी या टेबलाशी त्याला साधं बसा म्हणायची मारामार, आज पाणीसुद्धा! जिंकलेल्या माणसाची बडदास्त वेगळीच असते.

प्रकार असा होता. त्याच्या आईच्या खात्यातून दर महिन्याला थोडी थोडी रक्कम कापली जात होती. कसलासा विमा म्हणे. आईने तो मागितला नव्हता आणि तिला कुणी विचारलंही नव्हतं. ओळखीची कागदपत्रं नव्याने द्यायला ती बँकेत गेली, तेव्हा कुणीतरी तिच्या फॉर्मवरच्या एका चौकोनात खूण करून टाकली आणि बोट दाखवलं तिथे तिने सही केली. विम्याने शिल्लक खाली गेली, की शिल्लक कमी म्हणून दंड. दंडाने ती आणखी खाली. तुम्हीच खड्डा खणायचा आणि पडणाऱ्याकडून खड्ड्याचं भाडं घ्यायचं, असं थोरल्याने तक्रारीत लिहिलं होतं. बायकोने ते वाक्य काढायला लावलं. अर्ज करतोयस की भांडतोयस, म्हणाली.

आता सगळे पैसे परत मिळाले होते, वर व्याज. ते घेऊन त्याला जायचं होतं धाकट्या बहिणीकडे. पैशांसाठी नाही. तिच्यावर घेतलेला आळ उतरवायचा होता, आणि तो तिच्या तोंडावर कधी घेतलाच नव्हता, हीच तर खरी अडचण होती.

थोरला दातांच्या कवळ्या बनवायचा. डॉक्टर मापं पाठवत, हा साच्यावर बसून दात रचत असे. केसाएवढा फरक राहिला तरी माणसाला घास चावता येत नाही, त्यामुळे फरक शोधायची नजरेला सवयच लागलेली. त्याच नजरेने घात केला. आई धाकटीजवळ राहायची. धाकटीने लग्न केलं नव्हतं, एका लाँड्रीत काउंटर आणि इस्त्री सांभाळायची, आणि आईचं बँकेचं कार्डही तिच्याकडेच असे. एकदा धाकटीला ताप आला म्हणून आईच्या औषधांचे पैसे काढायला थोरला गेला. मशीनमधून पावती आली. तिच्यावरची शिल्लक असायला हवी त्याहून कमी होती, चांगलीच कमी. कार्ड कुणाकडे असतं? धाकटीकडे. बँकेच्या पायऱ्या उतरता उतरताच त्याच्या मनात निकाल लागला होता.

विचारायचं होतं सरळ. पण नाही. त्याने आधी आईच्या कानावर घातलं, आणि आठवडाभराने धाकटीला म्हणाला, तुझी फार धावपळ होते गं, यापुढे बँकेचं मी बघत जाईन. ती तेव्हा चादरीची घडी घालत होती. घडी पुरी करून ती उठली, कपाटातून कार्ड काढलं आणि त्याच्या तळहातावर ठेवलं. एक शब्द तिरका बोलली असती तरी बरं झालं असतं. दुसऱ्या महिन्यापासून मात्र तो आला की टेबलावर बिलं तयार असत. भाजीचं, साबणाचं, आईच्या गोळ्यांचं, सगळी लाँड्रीतल्या चिमट्यात अडकवलेली. अगं, हे कशाला, असं तो दर वेळी म्हणायचा आणि बिलं खिशात घालायचा. घरी जाऊन तपासायचाही. हे त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

शिल्लक मात्र त्याने पुन्हा कधी बघितली नाही. चोर सापडलाय म्हटल्यावर पहारा कोण देतो? मशीनने पावती हवी का विचारलं की तो 'नको' दाबून मोकळा व्हायचा.

मग आई गेली. खातं बंद करायला तो काउंटरवर उभा राहिला आणि तिथल्या माणसाने शिल्लक सांगितली. त्याला वाटलं, चुकीचं खातं उघडलंय. कार्ड दीड वर्ष त्याच्याच खिशात होतं आणि पैसे तरीही गेले होते. आधी जात होते तसेच, त्याच गतीने. पूर्ण उतारा मागवून तो तिथल्या बाकावर बसला आणि ओळी वाचत गेला. शेजारच्या माणसाने दोनदा विचारलं, काका, बरं वाटत नाहीये का?

त्याच दिवशी तिच्याकडे जायला हवं होतं. पण रिकाम्या हाताने कुठल्या तोंडाने जाणार? आधी बँकेकडून पैसे वसूल करायचे, चूक बँकेच्या तोंडून कबूल करून घ्यायची, मग जायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. खरं तर तो पळच होता, फक्त अर्जविनंत्या करत काढलेला. बँकेच्या फोनवरच्या मुलीने खातेदारालाच बोलायला द्या म्हणून हट्ट धरला, तेव्हा त्याने सांगितलं, की त्या वारल्यात. ती म्हणाली, ठीक आहे सर, त्या उपलब्ध असतील तेव्हा करा. एरवी हा किस्सा त्याने धाकटीला हसत सांगितला असता. तिला अशा गोष्टी फार आवडत. शेवटी बँकांच्या तक्रारी ऐकणाऱ्या वरच्या कार्यालयाने बँकेचे कान उपटले आणि शाखेतून बोलावणं आलं.

संध्याकाळी तो गेला तेव्हा धाकटी नुकतीच कामावरून आली होती. इस्त्रीच्या वाफेने तिची बोटं पांढुरकी पडलेली असत, तशीच होती. तिने दार उघडलं, बस म्हणाली, पाणी दिलं. पाहुण्याला देतात तसं, खाली बशी ठेवून. त्याने बँकेचं पत्र तिच्यापुढे सरकवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. विमा, दंड, अर्ज, आठ महिने. बँकेबद्दल सांगताना जीभ छान चालत होती. मग बँक संपली.

"तेव्हा मला वाटलं होतं..." तो म्हणाला आणि अडकला.

"माहीत आहे मला," धाकटी म्हणाली.

"चुकलं माझं. फार चुकलं."

तिने मान हलवली. पत्र घडीवर घडी घालून पुन्हा होतं तसं केलं. तिला रडू येईल, ती ओरडेल, निदान कधीपासून माहीत होतं ते तरी ऐकवेल, अशी तयारी करून तो आला होता.

"मला वाटलं होतं, तू काढतोयस," ती म्हणाली.

त्याला क्षणभर हसूच आलं. मग ते तोंडावरून पुसलं गेलं. धाकटी हळूहळू सांगत गेली. कार्ड त्याच्याकडे गेल्यावरही बँकेचं दर सहा महिन्यांनी शिल्लक कळवणारं पत्र घरीच यायचं. आईला दिसत नसे, म्हणून तीच वाचून दाखवायची. थोरला किती काढून आणतो ते आई मनात धरून ठेवायची. तो तिला दर वेळी सांगायचाच. तिने बोटांवर हिशेब केला, धाकटीला पुन्हा आकडा वाचायला लावला, पुन्हा हिशेब केला. आईचा हिशेब कधी चुकायचा नाही.

"काय म्हणाली ती?"

"म्हणाली, असू दे. मुलांच्या फिया असतील, काम कमी झालं असेल. मागितले असते तरी दिलेच असते. त्याला विचारू नकोस, ओशाळेल." धाकटीने पत्राची घडी अंगठ्याने दाबली. "मी नाही विचारलं. मलाही जरा बरंच वाटलं असेल, खोटं कशाला बोलू."

थोरल्याने भांड्यातलं पाणी संपवलं. शेवटच्या दिवसांत आई त्याचा हात हातात घेऊन पडून राहायची. तो कामाचं काही सांगू लागला की, पुरे रे, मला कळतं सगळं, असं म्हणायची. आपल्यावर तिचा जास्त जीव आहे, असं तेव्हा त्याला वाटायचं. धाकटीसमोर थोडं अवघडल्यासारखंही व्हायचं. आता कळलं, आई तेव्हा त्याला माफ करत होती. न केलेल्या चोरीबद्दल माफ करून आई गेली होती, आणि आता तिला कुठल्या खिडकीवर जाऊन सांगायचं, की आई, उतारा मागवलाय, जरा बघ?

"आणि माझ्याबद्दल?" धाकटीने विचारलं. तिचा आवाज अगदी साधा होता. "तू तिला सांगितलंच असशील. तेव्हा माझ्याबद्दल काय म्हणाली?"

तेच म्हणाली, असू दे म्हणाली, असं उत्तर त्याच्या जिभेवर तयार होतं. त्यात कुणाचंच काही गेलं नसतं. दोघं एका मापात आली असती, आईने दोन्ही लेकरांच्या चोऱ्या पोटात घातल्या म्हणून दोघं मिळून रडली असती, आणि त्याच्या वाट्याचं ओझं अर्धं झालं असतं. धाकटी त्याच्याकडे बघत होती. तिलाही बहुधा तेच उत्तर अपेक्षित होतं, कारण तिने ओठ आधीच मिटून घेतले होते.

"ती हात लावायची नाही, म्हणाली," थोरला म्हणाला. "माझं बोलणं पुरतं ऐकलंही नाही. म्हणाली, ती हात लावायची नाही, तू दुसरीकडे बघ."

त्याने रिकामं भांडं बशीवर ठेवलं.

"मी म्हटलं, आईची माया, तिला काय कळतंय. मी दुसरीकडे बघितलंच नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. धाकटीने पत्र बाजूला ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढून त्याच्या अगदी समोर बसली.

"परत सांग," ती म्हणाली. "तिने जसं म्हटलं तसं."

त्याने परत सांगितलं.