द्वारकाबाईंच्या पायातला नारू

सिल्लोडजवळच्या एका गावात पायऱ्यांची जुनी बारव उपसून तिचं पाणी पुन्हा प्यायचं ठरलं. आरोग्यसेविका निलोफर पाणी तपासायला आली, तेव्हा ऐंशीच्या द्वारकाबाईंनी तिला घोट्यावरचा व्रण दाखवला.

"इथून नारू निघाला व्हता. हातभर लांब, जित्ता! काडीला गुंडाळून रोज बोटभर ओढायचो."

निलोफरनं वाकून व्रण पाहिला. पिण्याच्या पाण्यातून होणारा हा जंत तिनं फक्त पुस्तकात वाचला होता.

"लई आग व्हायची, म्हणून बारवेत पाय सोडून बसायची. तेच पाणी समदे प्याले. पुढच्या साली घरोघरी नारू! माझ्या पायातून त्याची पिल्लं पाण्यात सुटली, मीच पसरवला, हे डॉक्टरनं सांगितल्यावर कळलं."

"आजी, नारू आता देशातून गेलाय," निलोफर म्हणाली.

"तरी पायऱ्या बंद करा, बाई. पाणी वरून ओढा, कुणाचा पाय पाण्यात नगं."

आठवड्यात पायऱ्यांना लोखंडी दार बसलं.