गोरक्षची दुर्बीण

दवाखान्याच्या काउंटरवरच्या मुलीने तिसऱ्यांदा नाव पुकारलं, तेव्हा आशाने गोरक्षला पुन्हा फोन लावला. या खेपेला त्याने उचलला. कंपनीत ऑडिट लागलंय, साहेब सोडत नाहीत, पुढच्या महिन्यात नक्की, असं त्याने एका दमात सांगून टाकलं. आदल्या संध्याकाळी पोट साफ करायचं औषध प्यायलास का, असं तिने दोनदा विचारलं होतं आणि दोन्ही वेळा तो हो म्हणाला होता. म्हणजे पुडी फोडलीसुद्धा नसणार. मागच्या तारखेला मेव्हण्याची वास्तुशांत होती, त्याच्या आधी दाढ दुखत होती.

पोस्टातली आणखी एक रजा वाया गेली होती. तिने काउंटरवर जाऊन माफी मागितली. ती मुलगी आता तिला ओळखत होती. पुढची तारीख देऊ का, एवढंच तिने हळू आवाजात विचारलं, आणि त्या समजूतदारपणाचाच आशाला जास्त राग आला.

गोरक्ष तिचा धाकटा भाऊ. वय अठ्ठेचाळीस, सातपूरच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात. चार वर्षांपूर्वी त्याच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला. त्यांचे वडील पुंजाबा पंचेचाळिशीत पोटाच्या दुखण्याने गेले होते, देवळ्याचे बारकूकाका तसेच गेले, आत्याला गर्भाशयाचा कॅन्सर झाला. गावात कुणी बाधा म्हणालं, कुणी विहिरीच्या पाण्याला नावं ठेवली. गोरक्षवर उपचार करणाऱ्या डॉक्टर निकितांनी मात्र सगळ्या घराण्याची माहिती लिहून घेतली, गोरक्षचं रक्त तपासायला पाठवलं, आणि जनुकातला एक दोष पिढ्यानपिढ्या चालत आल्याचं निघालं. लिंच सिंड्रोम. आशाचंही रक्त तपासलं. तिच्यातही तोच दोष होता. तेव्हापासून ती दरवर्षी आतड्याची दुर्बिणीने तपासणी करून घ्यायची. तिला ते आवडायचं असं नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायचं ते खारट पाणी पिताना दर वर्षी तिला उमासे यायचे.

गोरक्षला झालेल्या प्रकारच्या कॅन्सरला इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध, चांगली लागू पडते, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, आणि खरंच पडली. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून औषध जायचं. पोटावर चाकू न लावता गाठ विरघळून गेली. दोन वर्षांनी उपचार संपले, त्या दिवशी गोरक्षने सबंध विभागाला पेढे वाटले. आशाही त्या दिवशी रडली होती, आनंदाने.

त्रास सुरू झाला तो त्यानंतर. शरीराची फौज आता जागी झाली, म्हणजे यापुढे कुठलाच कॅन्सर आपल्या वाटेला जाणार नाही, असा गोरक्षने स्वतःपुरता निष्कर्ष काढला. तपासणी जन्मभर चालू ठेवायची, असं डॉक्टरांनी शेवटच्या दिवशी कागदावर लिहून दिलं होतं. त्याने फक्त कॅन्सर गेला एवढंच ऐकलं. लोकांना इम्युनिटीवर सल्ले द्यायला लागला. कुणी आजारी पडलं की फोन याला. दोन वर्षं उलटली तरी दुर्बिणीचं नाव नाही.

देवळ्याच्या सुमनकाकू, म्हणजे बारकूकाकांच्या विधवा पत्नी, त्यांनीही आशालाच झापलं. "पोरगा आते चांगला शे ना, कशाले त्याले तरास देस?" आशाने फोन ठेवला आणि भांडी जरा जास्तच आपटत घासली. चिवट होती ती, पण थकतही होती. पन्नाशी ओलांडलेल्या बाईने किती वर्षं पन्नाशीला टेकलेल्या बाप्याच्या मागे लागायचं?

त्या रविवारी ती चांगलं सुनावायचंच ठरवून त्याच्या घरी गेली. तर तिने चप्पल काढायच्या आत गोरक्षच तक्रार घेऊन बसला. त्याची मुलगी सृष्टी चोवीस वर्षांची, बँकेत नोकरीला. तोच दोष तिच्यात असायची शक्यता अर्धी. तिच्यासाठी रक्ततपासणीची तारीख घेतली तर ती जायला तयार नव्हती.

"ताई, तू सांग हिला. आमचं काही ऐकत नाही. जिवाशी खेळ आहे हा."

त्याच्या चेहऱ्यावर खरीखुरी काळजी होती, आणि त्यानेच आशाला अधिक वैताग आला. तिने तोंड उघडायच्या आधी सृष्टी स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पप्पा, मला दोष निघाला तर काय करायचं?"

"काय म्हणजे? दरवर्षी तपासणी. वेळेत कळलं तर काही होत नाही."

"मग तुम्ही का करत नाही?"

"माझी गोष्ट वेगळी. मी ती इंजेक्शनं घेतलीत."

"तुम्ही जाऊन या," सृष्टी म्हणाली. "तुम्ही आलात की दुसऱ्या दिवशी मी रक्त देते. तोवर मला काही सांगू नका."

गोरक्ष उठून गॅलरीत गेला. जेवायलाही आला नाही. बायकोने ताट झाकून ठेवलं. पुढचे आठ दिवस तो मुलीशी बोलला नाही, आणि बहिणीशीही नाही, जणू हे आशानेच पढवलं होतं. नवव्या दिवशी त्याचा फोन आला. कुरकुरत त्याने विचारलं, तारीख कधीची आहे.

तपासणीच्या आदल्या दिवशी त्याने तिला अकरा फोन केले. पातळ वरण चालेल का, चहात दूध घालू का, दोन लिटर म्हणजे खरंच दोन लिटर का. अकराव्या फोनला आशा म्हणाली, "पी मुकाट्याने," आणि फोन बंद केला.

तपासणीला अर्धा तास लागतो, त्याला सव्वा तास लागला. आतड्याच्या उजव्या बाजूला, जुन्या गाठीपासून पुष्कळ लांब, दोन सेंटिमीटरचा मांसाचा कोंब निघाला होता. डॉक्टरांनी तो तिथल्या तिथे काढला. आठवड्याने रिपोर्ट आला. कोंबाच्या टोकाला नव्याने कॅन्सर सुरू झाला होता, पण मुळाशी पोहोचला नव्हता. कापलेल्या कडा स्वच्छ होत्या, म्हणजे मागे काही उरलं नव्हतं.

गोरक्षने रिपोर्ट दोनदा वाचला. "मग त्या इंजेक्शनांचा उपयोग काय झाला?"

"त्यांनी ती गाठ मारली," डॉक्टर निकिता म्हणाल्या. "जन्मापासून पेशींमध्ये जी चूक आहे, ती त्या इंजेक्शनांनी दुरुस्त होत नाही. नवा कॅन्सर नव्या जागी होऊ शकतो. या औषधानंतर कुणाला होईल, कुणाला नाही, हे आम्हालाही अजून पुरतं कळलेलं नाही. म्हणून बघत राहायचं. आणखी सहा महिने टाळलं असतं तर मी आज वेगळं बोलत असते."

बाहेर आल्यावर पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून त्याने रिपोर्ट तिसऱ्यांदा उघडला. आशाकडे दोन वर्षांचं बोलायचं साठलं होतं. वाक्यंसुद्धा तयार होती. पण तो पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला लागला, म्हणून ती वाक्यं तशीच ठेवून मागे बसली, आणि गंगापूर रोडभर स्वतःवरच चिडत राहिली.

सृष्टीने शब्द पाळला. तिचं रक्त तपासणीला गेलं, महिन्याभराने उत्तर आलं. दोष तिच्यातही होता. ती दिवसभर खोलीत होती. संध्याकाळी गोरक्ष आत गेला, बराच वेळ बसला, आणि बाहेर येऊन म्हणाला की पहिल्या तपासणीला रजा टाकून तोच तिच्याबरोबर जाणार आहे. आशाने हे ऐकलं आणि पहिल्यांदा त्याच्या शब्दावर तिचा विश्वास बसला.

दिवाळीनंतर सगळे देवळ्याला जमले. ओसरीवर गोरक्ष चुलतभावांच्या घोळक्यात बसून सांगत होता. इंजेक्शन घेऊन कॅन्सर गेला म्हणून गाफील राहायचं नसतं, अंगातला दोष जात नाही, मला आतून वाटतच होतं, म्हणून मी स्वतःच ठरवलं, एकदा बघून घ्यावं. सुमनकाकू कौतुकाने मान डोलवत होत्या. सृष्टीने आत्याकडे पाहिलं आणि हसू लपवायला ओढणी तोंडाला लावली.

आशा ताडकन उठली. स्वतःच ठरवलं म्हणे. तीन रजा, अकरा फोन. ती उंबऱ्यापर्यंत पोहोचली, तेवढ्यात बारकूकाकांचा मुलगा प्रफुल्ल मागून आला. त्याने आवाज खाली आणला. त्याला दोन महिन्यांपासून शौचातून रक्त जात होतं. मूळव्याध समजून तो कुणाला बोलला नव्हता.

"आशाताई, त्या डॉक्टरबाईंचा नंबर दे ना. गोरक्षदादा म्हणतो ते ऐकून भीती वाटली मला."

ओसरीवरून गोरक्षचा आवाज अजून येतच होता. आशाने पर्समधून पेन काढलं.

"नंबर देते," ती म्हणाली, "पण सोमवारी सकाळी मी स्वतः तुला घ्यायला येणार. औषध प्यायलो म्हणून खोटं सांगायचं नाही."

प्रफुल्ल काही न कळून नुसता हो म्हणाला.