मेंढरं कुणी राखायची?

निवडणुकीला उभं राहायला अक्कल लागत नाही, माणसं लागतात. अक्कल असती तर मी उभीच राहिले नसते.

सत्त्याण्णव साली आमच्या ग्रामपंचायतीचा तीन नंबरचा वॉर्ड बायकांसाठी राखीव झाला. बाळासो गावाचे जुने पुढारी. सोसायटी त्यांची, दूध डेअरी त्यांची. त्यांनी आपल्या भावजयीचा फॉर्म भरला आणि त्याच दिवशी पेढे सांगून ठेवले. आमची धनगरांची वस्ती खुटबावच्या शिवेला. तिथं पाण्याचा नळ नाही. दर निवडणुकीला वस्तीवर पाइप येऊन पडायचे आणि निकाल लागला की परत जायचे. बारा वर्षं हेच बघितल्यावर पुन्हा तेच पाइप पाहिले आणि माझं डोकं फिरलं. डोक्यावरचा हंडा खाली ठेवला आणि तशीच फॉर्म भरायला गेले.

फॉर्म भरल्यावर कळलं, आपल्याकडं ना जीप, ना भोंगा. पण माणसं येत गेली, आणि त्यांचं मला आजही नवल वाटतं. माझे मालक, संपत, रांजणगावला कंपनीत. रात्रपाळी करून यायचे आणि तोंडावर पाणी मारून माझ्याबरोबर घरोघर फिरायचे. त्यांचे कंपनीतले दोन दोस्त सुट्टी टाकून आले. शंभू लातूरचा आणि दुसरा बिहारचा पेंटर. दोघांचंही इथं मत नाही, कुणाकडून काही मिळायचं नाही. शंभूनं रात्री जागून मतदारांच्या चिठ्ठ्या लिहिल्या. पेंटरनं भिंतीभिंतीवर माझी निशाणी काढली, कपबशी. ती इतकी झ्याक काढली, की शेजारच्या सारजाबाई म्हणाल्या, "आता च्या पाजल्याबिगर मतं मागू नकोस." त्या सारजाबाईंना अक्षर ओळखीचं नाही, पण मी यादीतलं नाव वाचलं की कोण कुणाची सून आणि आता कुठं असते हे त्या घडाघडा सांगायच्या.

एकटे आबा गप्प होते. आबा म्हणजे माझे सासरे, हरिबा. मी उभी राहिले त्याला त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. माझा फोटो छापलेलं पत्रक हातात दिलं, तर त्यांनी ते उलटसुलट पाहिलं आणि त्यावर तंबाखू निवडायला घेतली. मला राग आला. सुनेचं तोंड बघायचं नसेल तर स्पष्ट सांगावं, असं मी चुलीपाशी दोनदा म्हटलंसुद्धा, त्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.

मतदानाला तीन दिवस राहिले तेव्हा आम्ही यादी घेऊन बसलो. आपली मतं, त्यांची मतं, आणि देवाला ठाऊक ती मतं. बेरीज जवळजवळ सारखी येत होती. सगळ्यात पक्की नऊ होती ती भैरूभावजींच्या वाड्याची, म्हणजे मेंढरांमागं फिरणाऱ्या त्यांच्या बिऱ्हाडाची. भैरू आमचे चुलत दीर. वस्तीवर मेंढरं राखणारं तेवढंच कुटुंब उरलेलं. दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन बाहेर पडतात, आणि त्या वेळी कोरेगाव भीमाच्या रिकाम्या रानात त्यांचा मुक्काम होता. मी म्हटलं, त्यात काय, भाड्याची जीप पाठवू, नऊ माणसं बसवू, मत टाकलं की परत सोडू.

संपत निरोप घेऊन गेले आणि कपाळाला हात लावून परत आले.

"भैरू म्हनतोय, येतो की. पर मेंढरं काय कुलूप लावून ठिवायची?"

आमच्या घरातली मेंढरं आबांनी विहीर खणायला विकली त्याला पंधरा वर्षं झाली होती. पंधरा वर्षांत धनगराची सून असून मी विसरले, की मेंढरांना सुट्टी नसते.

शंभू म्हणाला, "आम्ही राखतो की, वहिनी. उभंच तर राहायचंय." दुसऱ्या दिवशी संपत त्याला आणि पेंटरला घेऊन तिकडं गेले, सराव म्हणून. तासाभरात मेंढरं शेजारच्या कांद्यात. कांद्याचा मालक काठी घेऊन धावला, भैरूंच्या कुत्र्यांनी पेंटरची पॅन्ट फाडली. भैरूंनी संपतना हात जोडले. म्हणाले, "एक जाणता मानूस पायजे. जाणता एक असला की ही दोघं नुसती उभी ऱ्हायली तरी चालंल. मी धाकट्याला मागं ठिवतो, आठजण येतो."

म्हणजे एक मत गेलं. एकच तर, असं मी म्हटलं खरं, पण यादी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतली.

आबा अंगणात बसून सगळं ऐकत होते. ते उठले, आत जाऊन घोंगडी काढली, झटकली.

"संपत, जीप किती वाजता निघायची?"

"पहाटं. का वो आबा?"

"मी जातो मेंढराकडं. त्यांची नऊच्या नऊ येऊ दे."

संपतना ते पटेना. "आवो, हिशेब त्योच हाय. त्यांचा एक ऱ्हायला काय आन् तुमी ऱ्हायला काय. तुमी हितं मत द्या, भैरूचा धाकटा थांबंल."

"मीच जातो," आबा म्हणाले, आणि घोंगडी खांद्यावर टाकून बाहेर ओट्यावर जाऊन झोपले. मला तर वाटलं, सुनेला मत द्यायला नको म्हणून म्हातारा रानात पळतोय. खरं सांगते, त्या रात्री मी त्यांना मनातल्या मनात खूप बोलले.

पहाटे आबा, शंभू आणि पेंटरला घेऊन जीप गेली. नवाच्या सुमाराला भैरूंचा सगळा वाडा शाळेपुढं उतरला, बायका नवी लुगडी नेसून, पुरुष पटके बांधून. भैरू म्हणाले, "आबांनी नुसती शीळ घातली आन् मेंढरं गोळा झाली. पंधरा वर्सांनी. कुत्रीबी पायाशी बसली." नऊ जणांनी मतं टाकली आणि सारजाबाईंच्या हातच्या भाकरी खाऊन जीप परत गेली. संध्याकाळी शंभू आणि पेंटर त्याच जीपनं आले. आबा आले नाहीत. दोन दिवस राहतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दौंडला मतमोजणी झाली. मला एकशे सत्तावन्न, बाळासोंच्या भावजयीला एकशे छप्पन्न. त्यांनी पुन्हा मोजायला लावली. पुन्हा तेवढीच. एका मतानं मी निवडून आले. संपत लहान पोरासारखे रडले आणि पेंटरनं मला नखशिखांत गुलालानं रंगवलं.

मी घरी गेलेच नाही. तशीच जीप कोरेगावकडं घ्यायला लावली. आबा बांधावर बसले होते, पुढं मेंढरं चरत होती. मी पदर सावरला आणि वाकून पाया पडले.

"आबा, एका मतानं आले. तुमी तुमच्या मतावर पानी सोडलं, म्हनून ती नऊ आली."

आबांनी मेंढरांवरची नजर काढली नाही. म्हणाले, "माझं मत तुझं नव्हतं, पोरी."

मी तशीच वाकलेली राहिले.

"दसऱ्याला बाळासोनं शपथंला भंडारा उचलून घेतला माझ्याकडनं. मत त्याच्याच मानसाला म्हनून. तवा तुझ्या फारमाचा पत्ता नव्हता. खंडोबाचा भंडारा उचलला, आता शब्द मोडता येतोय व्हय? आन् घरच्या लेकीइरुद्ध शिक्का मारायला हात तरी कसा उठायचा? म्हनून हितं आलो. मेंढरं राखायची न्हाईत असं काय मी भंडाऱ्यात बोललो नव्हतो."

मी तिथंच मातीत बसले. मनात आकडे मांडले. आबा घरी थांबले असते तर भैरूंच्या धाकट्याचं माझं एक मत कमी झालं असतं आणि बाळासोंचं एक वाढलं असतं. म्हणजे मी पडलेच असते. पत्रकावर तंबाखू निवडणारा हा माणूस महिनाभर एकटाच हे ओझं वाहत होता, आणि मी चुलीपाशी बसून त्याला टोमणे मारत होते. मला रडू फुटलं, आणि मी ते लपवलं नाही.

"आबा, लई उपकार झालं. लई चुकीचं बोलले मी तुमाला."

"ऐकलंय समदं," आबा म्हणाले. "चूल काय लांब हाय?"

मग त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि हाताला लागलेला गुलाल धोतराला पुसत म्हणाले, "फुडल्या बारीला भंडारा घ्यून तूच आदी ये. बाळासो यायच्या आदी."