बुडालेल्या मोटारीचे दिवे

काकासाहेबांची अठ्ठावीस सालची शेव्हरले आमोस मिस्त्रीने पार हाडापर्यंत सोलली होती. कोपरगावच्या या बागायतदारांना मुलाच्या वरातीला तीच जुनी मोटार हवी होती. उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आमोस नव्या ओढणार होता. पण दिवे, स्विच आणि डायनॅमो आणायचा कुठून? लढाई संपली तरी बाजारात तसला माल आला नव्हता. तशी दुसरी मोटार कोल्हारला होती, दीनाबाईंच्या घरामागे, चिंचेखाली. तिला कुणी हात लावत नसे.

पाच वर्षांपूर्वी दीनाबाईंचा नवरा योहान ती भाड्याने चालवायचा. प्रवरेला पूर आलेल्या रात्री घरून निघालेला तो मोटारीसकट नदीत गेला. मोटार निघाली, योहान सापडला नाही. आठवडाभर आधीच त्यांची पोर तापाने गेली होती, म्हणून गावाने निकाल देऊन टाकला: योहानने जीव दिला. असा माणूस घराभोवती घुटमळतो म्हणतात. अंगणात ओली पावलं वाजल्यासारखी वाटत, म्हणून दिवस कलला की दीनाबाई दाराला आतून अडसर घालीत.

"गाडी वर वढायला चार जोड्या बैल लावले मी," शेजारचा मच्छिंद्र चिंचेखाली आलेल्या आमोसला सांगत होता. "मागची चाकं फिरंनात! आत बसून त्यानंच धरली हुती. आन् तुमी तिचे दिवे नवरदेवाच्या गाडीला लावनार? मग वरात थेट डोहातच न्या की!"

"तुमी गप ऱ्हावा, मच्छिंद्रदादा," दीनाबाई म्हणाल्या. "मिस्त्री, न्या काय हवं ते. फकस्त एक सांगा. दिवे लागलेले हुते का इझलेले? इझलेले असतील तर अंधारात चुकून गेले म्हनायचं. मला तेवढंच पुरं हाय."

आमोसने पुढच्या दिव्याच्या काचेभोवतीची गंजलेली कडी काढली. आतल्या बल्बला केसाएवढी चीर होती, आणि काचेला आतून पिवळट पांढरी राख. दुसराही तसाच. विझलेल्या दिव्याची तार नुसती तुटते. पेटलेल्या दिव्यात हवा शिरली, तरच तिची अशी राख होते. तापलेली काच गार पाण्याने तडकली होती.

खोटं बोलणं सोपं होतं. त्याने बल्ब त्यांच्या हातावर ठेवला.

"लागलेले होते, बाई."

"म्हंजी पानी दिसत हुतं त्यांना."

दीनाबाई आत गेल्या. भर दुपारी अडसर पडल्याचा आवाज आला.

दिवे निघाले, डायनॅमोही निघाला. आता थांबायचं कारण नव्हतं. पण चाकं का फिरली नव्हती? आमोसने ब्रेक पाहिले. ते ढिले होते. हँडब्रेकही सुटा. मग चाकं अडवली कुणी? चिंचेखाली वारा नव्हता, तरी त्याच्या मानेवर काटा आला.

गिअरबॉक्सशी त्याचं काही काम नव्हतं. तरी त्याने झाकण उघडलं, आतला गाळ बोटांनी उपसला, रॉकेलच्या फडक्याने चक्रांचे दाते पुसले. ते एकमेकांत रुतून गंजले होते. कोणते दाते, हे त्याने दोनदा पाहिलं. मग तो दाराशी गेला.

"बाई, गाडी रिव्हर्समध्ये अडकली आहे. म्हणून चाकं फिरली नाहीत."

"म्हंजी?" आतून आवाज आला.

"गाडी मागे घ्यायचा गिअर. पाणी दिसलं, आणि त्यांनी गाडी मागे घ्यायला तो टाकला. पाण्याने घेऊ दिली नाही."

आवाज आता दाराच्या अगदी जवळून आला.

"मागं म्हंजी... हिकडं? घराकडं?"

"घराकडेच."

अडसर निघाला. दीनाबाई मोटारीपाशी आल्या, काळ्या गाळात हात घालून ते दाते चाचपत राहिल्या. मच्छिंद्रने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं.

"हे झाकून टाका," दीनाबाई म्हणाल्या. "दिवे न्या. लागू द्या कुनाच्या तरी दारात."

ऊन उतरलं तेव्हा आमोस सायकलला पोतं बांधत होता. दीनाबाईंनी कंदील उंबऱ्यावर आणून ठेवला. अडसर भिंतीला टेकलेला होता. अंगणातून काहीतरी ओलं, हळूहळू सरकत गेल्यासारखं वाटलं. आमोसने वळून पाहिलं, कोणी नव्हतं.

"दीनाबाय, दार वढून घ्या," मच्छिंद्र हलक्या आवाजात म्हणाला. "नदीवरनं वारं येतंय."

"येऊ द्या," दीनाबाई म्हणाल्या.