मांडीएवढ्या उंचीवर

मित्रांनो, जन्माला आलेल्या जिवाला सावरणारे हात थोर असतात आणि त्या हातांना आधार देणारा त्यांच्याहूनही थोर असतो. असा आधार मी अकरा वर्षे दिला. मी एक जुने टेबल आहे. आधार देण्यावाचून मला दुसरे काही येतच नाही, म्हणून थोरपणाचा मुद्दा मागे घेते.

माझ्यावर फिकट निळे रेक्झिन आहे आणि खाली दोन जाड लोखंडी पाय. डोक्याकडे चेहऱ्यासाठी एक लहान भोक आणि मधोमध पोटासाठी एक मोठे. मला गरोदर बायकांसाठी बनवले होते. त्यांना पालथे झोपता यावे म्हणून ते मोठे भोक. पण माझी खरी करामत निराळी होती. खालची पट्टी पायाने दाबावी आणि मी हवे तितके वर यावे. प्रवासात मी मनाने वर येऊ नये म्हणून कारखान्यातल्या माणसाने मला पार खाली दाबले आणि डोक्याकडच्या पायात एक लाल स्क्रू बसवला. त्याला सुतळीने पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली : 'वापरण्यापूर्वी हा स्क्रू काढावा.'

तो कुणी काढला नाही. माझी कहाणी खरे तर एवढीच. पण तुम्ही बसलाच आहात, तर सविस्तर सांगते.

माझ्या मालकीणबाई ऑस्टिओपॅथ होत्या. औषध नाही, सुई नाही. नुसत्या हातांनी दाबून, ताणून, हलवून अवघडलेले अंग मोकळे करायचे, हे त्यांचे काम. कंबर धरलेल्या गरोदर बायका, नुकत्या बाळंत झालेल्या आया, बाळाला खांद्यावर घेऊन घेऊन मान आखडलेले बाप आणि खुद्द ती बाळे, असे सगळे त्यांच्याकडे येत. लोक त्यांना 'हातवाल्या बाई' म्हणत. बाहेरच्या खोलीत त्यांची धाकटी बहीण नावे लिहून घ्यायला बसे.

मी आले त्या दिवशी बाईंनी पट्टी दोनदा दाबली. मी ढिम्म.

"ताई, ती पाय ठेवायला असेल," धाकटी म्हणाली.

"अगं, पण फारच बुटकं आहे हे. माझ्या मांडीला लागतंय."

"मग वाक की जरा! आणि ही चिठ्ठी काय लोंबतेय, शी."

तिने चिठ्ठी तोडली. पुठ्ठा बरा होता, म्हणून टाकून न देता नोंदवहीत खूण म्हणून घातला. अकरा वर्षे तो रोज हाताळला गेला. वाचला एकदाही गेला नाही.

त्या दिवसापासून बाई वाकल्या.

आमच्याकडे चांगलेही दिवस होते, हे नाकारत नाही. आठव्या महिन्यातली एक शिक्षिका माझ्यावर पालथी झोपली, पोट त्या भोकात अलगद सोडले आणि हुंदके देऊन रडू लागली. बाई घाबरल्या. "दुखतंय का?" तर म्हणाली, "नाही हो. पाच महिन्यांनी पालथं झोपायला मिळालं." एकाच बाजूला मान वळवणारी बाळे येत. बाई दोन बोटांनी त्यांच्या मानेशी इतक्या हलके काही करत, की मलाही कळत नसे. काही बाळे हळूहळू दुसरीकडे पाहू लागत. काही कदाचित तशीही लागली असती. मी टेबल आहे, छातीठोक काही सांगणार नाही. पण आया जाताना हलक्या पावलांनी जात, एवढे मी ऐकले आहे.

आणि प्रत्येक आईला बाई बजावत, "बाळ उचलताना कमरेतून वाकायचं नाही. गुडघ्यातून बसायचं. कंबर एकच मिळते, बदलून देत नाहीत." हे त्या कमरेतून वाकून सांगत.

चौथ्या वर्षी बाईंच्या कोटाखाली कमरेचा पट्टा आला. सहाव्या वर्षी एक बाळ गेले की दुसरे आत येईपर्यंत त्या भिंतीला टेकून उभ्या राहू लागल्या. हे असेच चालले तर एक दिवस हे हात थांबणार, हे मला दिसत होते. मला तोंड नव्हते. तोंडासाठी भोक होते, पण ते दुसऱ्यांच्या.

मग एकदा आशा वाटली. एका बाळाचे खेळणे माझ्याखाली गेले आणि ते काढायला बाळाचा बाप आत शिरला. हा गृहस्थ मोटारी दुरुस्त करायचा.

"बाई, इथे एक लाल स्क्रू आहे. काढायचा असतो वाटतं हा."

माझे लोखंड थरारले.

"अहो, नको नको!" बाई ओरडल्या. "अख्खं टेबल त्याच्यावरच उभं असेल. वर बाळ आहे!"

"बरं, बरं. पण जरा सैल लागतोय."

आणि त्या भल्या माणसाने तो आणखी घट्ट केला. वर त्याचे आभारही मानले गेले.

अकराव्या वर्षी, एका सकाळी, बाळाला उचलताना बाईंच्या कमरेत काहीतरी सरकले. त्यांनी बाळाला सांभाळून माझ्यावर ठेवले आणि माझीच कड धरून तशाच वाकलेल्या राहिल्या. बाळाची आई धावली. "बाई, कमरेतून वाकायचं नाही. गुडघ्यातून बसायचं," ती म्हणाली. बाईंचेच वाक्य होते. बाळाला खाली दुपट्यावर ठेवून धाकटीने आणि तिने मिळून बाईंना माझ्यावर पालथे झोपवले. अकरा वर्षांत पहिल्यांदाच. मोठ्या भोकाचा त्यांना काही उपयोग नव्हता. चेहऱ्याच्या भोकातून त्या खाली पाहत राहिल्या. डोळ्यांपुढे, हातभर अंतरावर, लाल स्क्रू. अर्धा तास त्या त्याच्याकडे पाहत होत्या. मी जीव मुठीत धरून होते.

शेवटी त्या बोलल्या. "धाकटे..."

"काय गं ताई?"

"खाली त्या लाल स्क्रूवर किती धूळ बसलीय. पुसून घे गं."

धाकटीने पुसला. छान चकाकला.

त्यानंतर बाई कामावर आल्या नाहीत. आता त्यांना पाण्याचा तांब्या उचलायलाही धाकटी लागते. दारावरची पाटी उतरली. नोंदवही रद्दीत गेली, खुणेसकट. मला मागच्या गल्लीतला कुत्र्यांचे केस कापणारा घेऊन गेला. त्याने पट्टी दाबली, मी हलले नाही, तो खाली वाकला, स्क्रू काढला. नाक पुसायला लागतो तेवढा वेळ लागला. मी सरसर वर आले. अकरा वर्षांनी मला खिडकीबाहेरचे दिसले. तिथे पाहण्यासारखे काही नव्हते.

"नवंच दिसतंय," तो बायकोला म्हणाला. "उंच-बुटकं कधी केलेलंच नाही कुणी."

मित्रांनो, वस्तूसोबत चिठ्ठी आली तर वाचत जा. आणि दुसऱ्यांची पाठ सांभाळणारे कुणी घरात असेल, तर ते कसे उभे राहते याकडे कधीतरी बघा. माझ्यासारख्यांना सांगता येत नाही.

मोठ्या भोकाखाली त्याने बादली ठेवली आहे. केस थेट तिच्यात पडतात.