दगडापुढची उदबत्ती

तोक्योहून आलेल्या कुराइशी या सरकारी तपासनिसानं माझ्या हातात रक्ताची नळी ठेवली. "तुमच्या गायीचं म्हणून नोनाका डॉक्टरांच्या प्रयोगशाळेत द्या. यात मारलेला विषाणू आहे. त्यांना सापडतो का, ते पाहायचंय."

माझं डोकंच फिरलं. आमच्या खोऱ्यातल्या सगळ्या गोठ्यांची काळजी वाहणाऱ्या नोनाका डॉक्टरांची ही असली चोरून परीक्षा? पण सरकारी हुकूम होता. नळी देऊन आले.

डॉक्टरांनी स्वतः फोन केला. "काकू, रक्तात काही नाही. गाय ठणठणीत आहे."

कुराइशी मला घेऊनच प्रयोगशाळेत गेला आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"नळी आली तेव्हा आम्ही सगळे दगडाकडे निघालो होतो," ते म्हणाले. तपासणीसाठी मारलेल्या जनावरांच्या स्मरणार्थ अंगणात दगड उभा आहे. वर्षातून एकदा सगळे कामं टाकून त्याच्यापुढे हात जोडतात. "नळी उकाड्यात टेबलावरच राहिली. विषाणूचा माग पुसला गेला असणार. मला वाटलं, तेवढ्यानं काय बिघडतंय?"

मी कुराइशीशी भांडायच्या तयारीनं आले होते. बाहेर दगडापुढे उदबत्तीची राख अजून तशीच होती.

"डॉक्टर," मी म्हटलं, "नळीत खरंच माझ्या सुझु गायीचं रक्त असतं आणि रोग न कळून ती गेली असती, तर पुढच्या वर्षी तिच्यासाठीही असेच मनापासून हात जोडले असतेत ना?"