रुमालाखालचा हात

सकाळचा उजेड आमच्या घरात सरळ कधीच येत नाही. आधी तो समोरच्या डाळ मिलच्या पत्र्यावर उतरतो, तिथे थोडा वेळ पांढुरका होऊन पडून राहतो. मग हवेत तरंगणाऱ्या तुरीच्या कोंड्यातून गाळला जात, पिवळसर होत खिडकीशी येतो. गजांवरून घसरून तो शहाबादी फरशीवर उतरतो, फरशीचे सांधे एकेक करून ओलांडतो आणि बाजेच्या पायाशी रेंगाळतो. तेव्हा तिथून अप्पांच्या उजव्या हातावर चढायला त्याला बराच वेळ लागे. मी तोवर थांबत असे, आणि मगच त्या हातावर रुमाल टाकत असे.

अप्पा, म्हणजे माझे वडील सिद्रामप्पा, लातूरच्या बाजारात अडत चालवीत. करडईचा, भुईमुगाचा भाव तिथे तोंडाने बोलत नसत. दोघांच्या हातांवर रुमाल पडे आणि आत बोटे बोलत. पंजा घट्ट दाबला की होकार, बोट मागे दुमडले की नकार. बघणाऱ्याला फक्त कापड हलताना दिसे. चारचौघांत माझा आवाज घशातच विरून जाई. त्या रुमालाखाली मात्र मला बोलता येत असे. अप्पांनी मला बोलके केले नाही, मुकेपणात राहण्यासाठी एक जागा करून दिली.

आवाज होता तो नरसिंगकडे. बाहत्तरच्या दुष्काळात तो आपल्या आईबरोबर मुरुडकडून लातूरला आला. सरजाबाई रस्त्याच्या कामावर खडी फोडी आणि हा दिवसभर आमच्या ओट्यावर बसे. बाजारात तेव्हा विकायला दाणा नव्हता. अप्पा रिकाम्या गादीवर बसून आम्हा दोघांना बोटांची भाषा शिकवीत. एकदा नरसिंगने आभाळातल्या एकुलत्या ढगाचा भाव केला आणि, ‘माल लई हलका हाय, अप्पा, वजनात मार खाशीला,’ असे बजावले. त्या वर्षात अप्पा हसलेले मला तेवढेच आठवतात. माझ्या आईने, गुरम्माने, नरसिंगचा पेला वेगळा ठेवला होता. अप्पा त्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. ते फक्त त्याचा हात आपल्या हातात घेत राहिले. पुढे केव्हातरी तो पेला घरातल्या पेल्यांत मिसळून गेला.

लातूर जिल्हा झाला त्या पावसाळ्यात नरसिंग नव्या कचेरीत कारकून म्हणून लागला, आणि अप्पांवरून वारे गेले. उजवी बाजू गेली, वाचा गेली. काही दिवसांनी मी त्यांच्या हातावर रुमाल टाकला, आत हात घातला आणि विचारले, दुखतंय का. बोट मागे दुमडले. मी धावत जाऊन आईला सांगितले. तेव्हापासून घरातली प्रत्येक गोष्ट मी अप्पांना विचारून करीत असे.

म्हणूनच माहूरच्या शाळेत माझी शिक्षक म्हणून निवड झाली तेव्हाही मी त्यांना विचारले. बोट दुमडले. आईला मी म्हटले, अप्पा नको म्हणतात. ती चुलीकडे वळली.

हजर होण्याची मुदत सरत आली तेव्हा, एका सकाळी, नरसिंग सायकलवरून आला. त्याने माझ्या प्रकृतीची, आईच्या गुडघ्यांची चौकशी केली, नव्या साहेबाची नक्कल करून दाखवली आणि मग सहज विचारावे तसे माहूरचे विचारले. मी त्याला अप्पांचा नकार सांगितला. तो बाजेवर टेकला, रुमालाखाली त्याने अप्पांचा हात धरला.

“तू आता काही ईचारू नको,” तो मला म्हणाला. मग अप्पांच्या कानाशी वाकला. “अप्पा, मी नरसिंग. रेवणला माहूरला धाडावं का?”

आम्ही वाट पाहिली. समोर मिलचा पट्टा सुरू झाला, तावदाने थरथरू लागली. रुमाल हलला नाही. नरसिंगने पुन्हा विचारले, आणि मग पुन्हा.

“तुझी खूण त्यांना ठाऊक न्हाई,” मी म्हणालो.

“मला कुणी शिकिवली मग?” त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. “रेवण, बोट तूच दुमडतोस. त्यांचं बोट तुझ्या बोटासंगं जातंय.”

मी आईकडे पाहिले. तिने नजर चुकवली नाही.

“रोज रातच्याला मी धरते त्यांचा हात,” ती म्हणाली. “कधीच काही न्हाई, बाबा. तुला धीर येत होता, म्हणून गप बसले.”

तिने माझी ट्रंक आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. आपण दर शनिवारी येऊन अप्पांची दाढी करू, असे नरसिंग तिला सांगत होता, आणि ती त्याला वस्तरा कुठे असतो ते सांगत होती. मी बाजेजवळ गेलो. रुमाल काढून घडी केला आणि उशाशी ठेवला. उघड्या हातात हात घालून मी अप्पांना म्हटले, येतो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. बराच वेळ, सौजन्याने, दारात आलेल्या परगावच्या माणसाकडे ते पाहत तसे.

अप्पा मला ओळखत नव्हते.